धाकटीपेक्षा सूतभर जास्त

धाकटीने काळा चष्मा काढला आणि माझ्या पोटात दुखलं. खोटं कशाला बोलू? सत्तरी उलटलेल्या बाईने खोटं बोलायचं ते देवाशी आणि सुनेशी. स्वतःशी कशाला?

मे महिना होता, आईबापांचा दिवस. गावच्या म्हाताऱ्यांच्या खोलीत आम्ही दहाबारा जणी पत्ते कुटत बसलो होतो. प्रत्येकीच्या छातीवर लाल कार्नेशनचं फूल. कोणाच्या लेकाने पाठवलेलं, कोणाच्या नातीने कागदाचं केलेलं. माझं गावप्रमुखाने सगळ्यांना वाटलं त्यातलं. तेवढ्यात धाकटी आली. धाकटी म्हणजे माझी जाऊ माल्सुन, धाकट्या दिराची बायको. गावात तिला कोणी नावाने हाक मारत नाही. माहेर योसूचं म्हणून ती योसूवाली, माझं बोसंगचं म्हणून मी बोसंगवाली. बरेच दिवस ती दिसली नव्हती. गुडघ्यात सुया टोचून घ्यायला लेकाकडे जाते, असं सांगून गेली होती.

चष्मा काढला तर गुडघे कुठले! डोळे टपोरे झालेले, वर बारीक घडी पडलेली, कडेला अजून पिवळसर सूज.

"अगंबाई! योसूवाली, डोळे केलेस की काय?" दुकानवालीने हातातले पत्ते टाकले.

"मी कुठली करतेय बाई! मिनग्यू ऐकेल तर ना. म्हणाला, आई, तुझ्या पापण्या आता हनुवटीला टेकायच्या तेवढ्या राहिल्यात. उचलून गाडीत घातलं न् नेलं सुनछनला, दवाखान्यात. आईबापांच्या दिवसाची भेट म्हणे. मी म्हणत होते, मेल्या, मला म्हातारीला काय करायचेत डोळे!"

मी हिला पुरती ओळखून आहे. 'नको' म्हणाली असेल ती तोंडातल्या तोंडात, आणि तेही गाडीचा पट्टा लावून झाल्यावर.

"लेक असावा तर असा," दुकानवाली म्हणाली. "आमच्या दिवट्याने नुसतं फूल पाठवलं, तेही सुकलेलं."

हल्ली आमच्याकडे हे असंच झालंय. पूर्वी लेक आईला रेशमी कपडे शिवायचे, मग दात बसवून द्यायला लागले, आता पापण्या. जिचे डोळे उघडे तिचा लेक मोठा. जिच्या पापण्या लोंबतात तिच्याकडे बघून लोक मनात म्हणतात, हिला कोणी नाही वाटतं.

आणि खरं सांगते, गरज मला होती. धाकटीच्या पापण्या नुसत्या सुरकुतल्या होत्या. माझ्या बुबुळावर उतरल्या होत्या, दुकानाचं शटर अर्धं ओढावं तशा. वरचं काही म्हणता काही दिसायचं नाही. बघायचं तर कपाळाला आठ्या घालून पापण्या ओढून धरायच्या, मग संध्याकाळी कपाळ ठणकायचं. पापण्यांचे केस आत टोचायचे, डोळ्यांना धार लागायची. लोक विचारायचे, बोसंगवाली, का रडतेस? घरात एकटी असले की चिकटपट्टीने पापण्या वर चिकटवायची आणि लसूण सोलायला बसायची. कोणी दार वाजवलं की पट्टी ओरबाडून काढायची. कातडी सोलवटून निघायची.

आमच्या फाटकासमोरची वाट सरळ डोंगरावर चढते, वर बसचा रस्ता आहे. निम्म्या चढावर गामचं झाड आहे, शरदात केशरी फळांनी वाकतं. माझा लेक सकजू कामावर परत जायला निघाला की मी फाटकात उभी राहते. तो झाडापर्यंत दिसायचा. त्याच्या वर माझी पापणी. मान मागे टाकून बघावं तर गरगरायचं. सकजूला ते ठाऊक होतं. झाडापाशी तो वळायचा, हसायचा, हात हलवून ओरडायचा, "आत जा गं आता!" आणि मग माझ्यापुरता नाहीसा व्हायचा.

पण मला झोंबलं होतं ते वेगळंच. ते माशाचं प्रकरण.

मी या घरातली थोरली सून. लग्न होऊन आले तेव्हापासून पितरांची ताटं मीच मांडते. छुसकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या पौर्णिमेला भल्या पहाटे उठून तांदळाच्या पिठाचे गोड सोंगप्यान वाफवायचे, तव्यावर जॉनची धिरडी परतायची, मासे वाफवायचे, सगळं मी. धाकटी उगवणार उन्हं वर आल्यावर, सफरचंदांची पेटी घेऊन, आणि दारातूनच, "अय्या जाऊबाई, सगळं आटपलंतसुद्धा?" लाल फळं पूर्वेला, पांढरी पश्चिमेला. माशाचं डोकं पूर्वेला, शेपूट पश्चिमेला. मला झोपेतून उठवून विचारा. पण गेल्या छुसकला डोळ्यांना धार लागलेली, आणि पाहुण्यांसमोर पट्टी कशी लावणार? मासा उलटा ठेवला गेला. पुरुषमाणसं वाकून नमस्कार करायला उभी राहिली आणि मागून ही बया म्हणते, "जाऊबाई, मासा परत समुद्राकडे निघाला वाटतं?"

सगळे हसले. पोरंटोरं हसली. माझा सकजू तेवढा हसला नाही. तो पुढे झाला, मुकाट्याने मासा फिरवला आणि परत रांगेत जाऊन उभा राहिला.

त्याच संध्याकाळी मी भांडी घासत असताना तो विसळायला माझ्याजवळ आला. "आई, डोळे करून घेऊ या का?"

आता आमच्यात रीत आहे. देणाऱ्याने पुन्हा पुन्हा विचारायचं, घेणाऱ्याने पुन्हा पुन्हा नको म्हणायचं. पहिल्या विचारण्याला हो म्हणेल ती हावरट. मी म्हटलं, "नको रे." तो म्हणाला, "बघ हं." मी म्हटलं, "माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?" तो म्हणाला, "नक्की ना?" मी म्हटलं, "आधी पोरीच्या शिकवणीचं बघ." आणि घासलेलीच कढई परत घासत उभी राहिले, आता विचारेल म्हणून. त्याने नाही विचारलं. हात पुसले आणि जाऊन बातम्या लावल्या. त्या कढईचा मी त्या दिवशी तळ काढायचा बाकी ठेवला होता.

तर मे महिन्यात त्या खोलीत सगळ्या धाकटीच्या पापण्यांवर बोटं फिरवत होत्या, आणि दुकानवालीने माझ्याकडे मान वळवली. "बोसंगवाली, तुझा सकजू काय म्हणतो?"

"माझंही ठरलंय," मी म्हटलं.

जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

"अय्या, कधी?" धाकटी म्हणाली.

"पाऊस संपला की. सकजूच हात धुऊन मागे लागलाय."

"हो का? मिनग्यूला काही बोलला नाही तो."

"तो तुझ्या लेकासारखा डांगोरा पिटत नाही."

झालं. बोलून बसले. आता करून दाखवणं आलं. सकजूला सांगायचं म्हणजे मागितल्यासारखं, आणि मागून घेतलं तर ती भेट कसली? ती भीक. रविवारी त्याचा फोन यायचा. "डोळे कसे आहेत?" "आहेत जागेवर." "जेवलीस?" "जेवले." संपलं. तो कोजेला जहाजांच्या कारखान्यात जोडकाम करतो. पूर्वी रविवारीही त्याच्या मागे भट्टीसारखी आग ओकणारी यंत्रं घुमत असायची. अलीकडे फोनवर तो आवाज येत नसे. मला वाटलं, रविवार आहे, सुट्टी असेल.

माझ्या बोटात सोन्याची अंगठी होती. साठीला सकजूने घातलेली. तेव्हा त्याचे बरे दिवस होते, गाव जेवायला घातलं होतं त्याने, आणि धाकटीच्या मिनग्यूने फक्त केक आणला होता. ती अंगठी मी कधी काढली नव्हती, बोटात रुतून बसली होती. साबण लावून लावून काढली. सुनछनच्या सोनाराने हातात घेऊन विचारलं, "आजी, नक्की?" त्याने एकदाच विचारलं आणि मी एकदाच हो म्हटलं.

येताना बसमध्ये मनाशी म्हटलं, अंगठी सकजूची, तेव्हा डोळेही सकजूनेच केले की. खोटं कुठे बोलले मी?

दवाखान्यात नर्सने पहिला प्रश्न केला, "आजी, सोबत कोण आलंय?"

"मुलगा आलाय. गाडी लावतोय."

डॉक्टर म्हणजे नुकतं मिसरूड फुटलेला पोरगा. त्याने आरसा माझ्या हातात दिला आणि पेनाने पापणीवर रेघ ओढली. "हे एवढं कातडं काढणार, आजी. आतला स्नायू जरा आवळणार. केस टोचायचे थांबतील, वरचं दिसायला लागेल."

"माझी जाऊ इथेच येऊन गेली. योसूची. तिचं किती काढलंत?"

"इथे रोज कोणाची ना कोणाची जाऊ येते, आजी. मी कुठे लक्षात ठेवू?"

"किती का असेना. माझं तिच्यापेक्षा सूतभर जास्त काढा."

तो इतका हसला की त्याला पेन खाली ठेवावं लागलं. "जास्त काढलं तर झोपेत माशासारखे उघडे राहतील. डोळे मिटता यायला नकोत का?"

"न मिटले तर न मिटले."

"मला मिटायला हवेत," तो म्हणाला, आणि जेवढं काढायचं तेवढंच काढलं मेल्याने.

सुई टोचली तेवढंच काय ते दुखलं. मग नुसती ओढाताण कळत होती, कोणीतरी शिवणकाम करतंय तशी. मध्येच मला उठवून बसवलं. "छताकडे बघा. आता माझ्याकडे. आता मिटा." छताला चौकोनी फळ्या होत्या, एका कोपऱ्यात पाण्याचा डाग होता. मान न हलवता मला छत दिसलं. मला हसूच आलं. डॉक्टर ओरडला, हसू नका, टाका वाकडा पडेल.

नंतर बर्फाच्या पिशव्या डोळ्यांवर ठेवून बाहेर बाकावर बसवलं. माणसं येत होती, आपापल्या आयांना धरून नेत होती. बराच वेळ गेला. नर्स येऊन म्हणाली, "आजी, मुलाला अजून जागा मिळाली नाही का गाडी लावायला?"

"सुनछनला जागेची बोंबच आहे," मी म्हटलं.

तिने स्वतः खाली येऊन मला टॅक्सीत बसवून दिलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, आजींना अगदी बसच्या दारापर्यंत सोडा. मला त्या पोरीचा राग आला. दया केली की राग येतो मला, तो माझा स्वभावच आहे.

सूज उतरली, निळं पिवळं झालं, पिवळं गेलं, आणि एक दिवस मी पत्त्यांच्या खोलीत गेले. चष्माबिष्मा काही नाही, सरळ गेले; दवाखाना धाकटीचाच, हे मात्र कोणाला सांगितलं नाही. दुकानवालीने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"योसूवाली, रागावू नको हं," ती म्हणाली, "पण हिचे जास्त बरे बसलेत. जन्माचेच वाटतात. तुझा डावा जरासा दचकल्यासारखा दिसतो."

"कुठे दचकल्यासारखा?" धाकटी आरशाकडेच धावली.

आनंद पोटात मावेना माझ्या. त्या दिवशी दोन घास जास्त गेले. धाकटी आरशापुढून हललीच नाही, डावी पापणी बोटाने खाली ओढ, सोड, परत ओढ. मग मागे न वळताच म्हणाली, "सकजूने अगदी नाव काढलं हो. आज फोन करते त्याला, शाबासकी देते."

मी घाईने म्हटलं, "नको, कामात असतो तो. जहाज सोडायचं असतं त्यांना."

"मग छुसकला तोंडावरच देऊ," ती म्हणाली.

तिथून पुढे माझी झोप उडाली. पापण्या मिटत होत्या, झोप येत नव्हती. ठरवलं, छुसकच्या आदल्या दिवशी सकजू येईल तेव्हा चुलीपाशी बसवून त्याला सगळं सांगायचं. काय सांगायचं तेही ठरवलं. पण आदल्या दिवशी फोन आला, "आई, आयत्या वेळी अडकलो. रात्रीच्या बसने निघतो, पूजेला पोचतो."

आणि नेमकी त्या वर्षी धाकटी लवकर आली. उजाडायच्या आत, मिनग्यू, सून, दोन नातवंडं, अंगणभर मोठी गाडी. डोळ्यांना निळसर रंग लावून आली होती बया. ताटं मांडून झाली, लाल पूर्वेला, पांढरी पश्चिमेला, मासा जिथल्या तिथे, आणि सगळे रांगेत उभे राहतात तोच सकजू धावत आला. एकटा. अंगावर चुरगळलेला शर्ट. "गाडी दुरुस्तीला दिलीय. पोरीची परीक्षा, म्हणून त्या दोघी नाही आल्या," असं दारातच सगळ्यांना सांगून तो रांगेत शिरला. माझ्याकडे त्याने धड पाहिलंही नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात वाफेत उभी होते.

तो नमस्काराला वाकला तेव्हा मला त्याची टाळू दिसली. केस कधी विरळ झाले? कॉलर आतून विरलेली. मनगटावर जुना भाजल्याचा डाग. हा डाग मी पूर्वी पाहिलाच नव्हता. आईने नाही पाहायचं तर कोणी?

पूजा झाली, पितरांना वाहिलेली दारू सगळ्यांच्या प्याल्यांत पडली. मी जॉनचं ताट घेऊन आले आणि मिनग्यूने सकजूचा प्याला दोन्ही हातांनी भरत मोठ्याने म्हटलं, "दादा, मानलं बुवा! काकूंचे डोळे! आईने सांगितलं मला. माझ्यापेक्षा भारी दवाखाना शोधलात म्हणे."

खोलीत सगळी तोंडं सकजूकडे वळली. माझा जीव कानांत येऊन बसला. धाकटी तर चॉपस्टिक खाली ठेवून पाहत होती, डोळे हे एवढे उघडे.

सकजूने मान वर केली. माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मी ताट ठेवायला वाकले आणि त्याची नजर माझ्या बोटावर गेली. अंगठीच्या जागी पांढरा वळ होता. मी हात एप्रनखाली घेतला, पण उशीर झाला होता.

"त्यात काय मोठं," तो म्हणाला. "आधीच करायला हवे होते." आणि प्याला एका दमात रिकामा केला.

"याला म्हणतात थोरल्या घरचा लेक!" मिनग्यूची बायकोच म्हणाली. धाकटीचं तोंड मीठ लावलेल्या कोबीसारखं आक्रसलं. तिने उगाच नातवाला दटावलं, नीट बस म्हणून. हेच मला हवं होतं. मे महिन्यापासून याच तोंडासाठी मी जळत होते. आणि ते समोर होतं तर मला ते बघायला फुरसत नव्हती. सकजूचे कान लाल झाले होते. दारूने त्याची मान लाल होते. कान लाल व्हायचे ते लहानपणी, मास्तरांनी वर्गासमोर उभं केलं की.

दुपारी तो निघाला. मी सोंगप्यान, जॉन, तिळाचं तेल, सगळं फडक्यात बांधून दिलं. धाकटी त्या दिवशी कधी नव्हे ती अंगणातल्या नळावर पितळी भांडी घासायला बसली होती. सुनेसमोर कामाचं नाटक. तिथूनच म्हणाली, "अरे, मिनग्यू सोडेल ना गाडीने."

"नको काकू, चालायला बरं वाटतं," सकजू म्हणाला.

फाटकात त्याने माझा हात धरला. अंगठ्याने त्या पांढऱ्या वळावर चोळलं, जसं काही पुसून निघेल ते.

"दुखतात का अजून डोळे?"

"नाही."

"बरे दिसतायत." तो खाली बघून हळूच म्हणाला, "आई, गेल्या वर्षी मी विचारलं आणि तू नको म्हणालीस ना... मला हायसं वाटलं होतं. खरंच सांगतो. तेव्हाच पैसे नव्हते माझ्याकडे."

मला सांगायचं होतं की मेल्या, मी रीतीचं नको म्हणाले होते. सांगायचं होतं की तुझ्याच अंगठीचे डोळे आहेत हे. माझ्या तोंडातून निघालं, "जा, बस चुकेल." हे माझं तोंड.

तो चढायला लागला. गामचं झाड फळांनी पेटलं होतं. झाडापाशी तो वळला, हसला, हात हलवून ओरडला, "आत जा गं आता!" मीही हात हलवला. तो पुढे गेला आणि या वेळी पापणी आडवी आली नाही.

झाडाच्या वरची वाट मी किती वर्षांनी पाहत होते. एका बाजूला दगडी बांध आहे, तो मी विसरलेच होते. सकजू थोडा वर गेला आणि बांधावर बसला. गाठोडं पायांत ठेवलं, दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि पुढे वाकला, पार गुडघ्यांपर्यंत. रडत होता की नुसता बसला होता, एवढ्या लांबून कळेना. पण जागा शोधावी लागली नव्हती त्याला. आपल्या घरच्या पायरीवर बसावं तसा सरळ जाऊन बसला होता. म्हणजे दर वेळी. दर वेळी हा झाडापर्यंत माझ्यासाठी हसत जायचा, आणि मी समाधानाने आत येऊन त्याची उष्टी ताटली विसळायची.

"गेला का सकजू?" धाकटीने नळावरून, माझ्याकडे पाठ करून विचारलं. "तुम्हाला तर आता पार बसच्या रस्त्यापर्यंत दिसत असेल, नाही का जाऊबाई?" आवाजात विळ्याची धार होती.

त्याच वेळी सकजूने डोकं वर केलं. त्याला माझे नवे डोळे आठवले असणार. तो झटकन उठून उभा राहिला आणि खाली माझ्याकडे बघायला लागला. हात अर्धवट वर केला, मी पाहतेय की नाही याचा अंदाज घ्यावा तसा.

मी नजर झाडाच्या बुंध्यावर आणली. पापण्या खाली सोडल्या, पूर्वी होत्या तिथवर. डॉक्टरने सूतभर जास्त काढलं नव्हतं, म्हणून त्या उतरल्या. हात मी हलवला नाही.

"नाही गं," मी मोठ्याने म्हटलं, वाटेवर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "झाडापर्यंतच दिसतं. तुझ्याइतके नाही झाले माझे."

धाकटी भांडं टाकून वळली. तिचं तोंड फुललं होतं. "हो ना? मला वाटलंच होतं! मला बघा, बसची पाटीसुद्धा वाचता येते. दवाखान्याचा फरक असतो हो, जाऊबाई."

"असतो," मी म्हटलं. आणि वर बस येऊन निघून गेल्याचा आवाज येईपर्यंत तशीच झाडाकडे बघत उभी राहिले.